दुसरं व्हायोलिन

“एव्ही, दुसरं व्हायोलिन तू घे,” पपा म्हणाले आणि पहिल्या व्हायोलिनचे कागद त्यांनी ब्रिजितच्या हातात दिले.

चर्चच्या हॉलमध्ये आम्ही दहाबारा जण खुर्च्या मांडून बसलो होतो. ऑर्गनपाशी बसलेल्या सिस्टर बेनेडिक्टांनी चटकन माझ्याकडे पाहिलं आणि तितक्याच चटकन नजर वळवली. बाकीच्यांनी आपापल्या तारा जुळवायला घेतल्या. त्या जुळलेल्याच होत्या.

“पपा, पहिलं मी बसवलंय,” मी म्हणाले. “सगळा उन्हाळा मी तेच वाजवतेय.”

पपा खाली वाकून कागदांचा स्टँड घट्ट करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“पपा!”

“सर,” माझ्या शेजारून ब्रिजित तिच्या त्या जाड्याभरड्या आवाजात म्हणाली, “एव्हलिन काहीतरी म्हणतेय.”

तेव्हा कुठे त्यांची मान वर झाली. माझ्या दोन हाका हवेत विरून गेल्या आणि हिचं एक वाक्य पोचलं! माझे कान तापले.

“दुसरंच वाजव, बाय,” ते म्हणाले. “दुसरं तुझं आहे.”

एवढंच. त्यांनी तो जाड आवाजाचा, माणसाएवढा चेलो पायांमध्ये घेतला, गज उचलला आणि मानेनंच खूण केली. मी वाजवायला लागले. दुसरा इलाज नव्हता, कारण आधी संथ भाग घ्यायचा होता आणि त्याची सुरुवात दुसऱ्या व्हायोलिननंच करायची होती.

माझे पपा म्हणजे पास्कोल मास्तर. वसईच्या आमच्या भागात ज्या कुणी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, तो कधी ना कधी आमच्या ओटीवर येऊन गेलेला. मी सहावीत असताना आई गेली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच, आणि मागे केळींची छोटी वाडी. मी स्वयंपाकघरात काम करता करता गुणगुणत असे. एखादा सूर जरा उतरला की ओटीवरून पपा ओरडत, “चढव! चढव!” शेजारच्या बायका हसायच्या. मला मात्र त्या ओरडण्याचं फार अप्रूप होतं. मी घरात कुठेही असले, काहीही करत असले, तरी एक माणूस सारखं आपल्याला ऐकतंय, हे मला ठाऊक असायचं.

गेल्या वर्षभरात ते ओरडणं थांबलं होतं. मला वाटायचं, चला, आपण आता पक्के झालो.

चर्चच्या सणाला पपांना एक कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासाठीची एक मोठी रचना, वाजवून घ्यायचा होता. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कुणा इटालियन संगीतकाराचा, दोन व्हायोलिनांसाठी लिहिलेला. तरुणपणी मुंबईला एका वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसून त्यांनी तो एकदाच वाजवला होता, आणि तेव्हापासून तो त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. त्याचे तीन भाग. पहिला आणि तिसरा धावते. त्यांत सगळे मिळून एक धून वाजवतात, मग व्हायोलिनवाल्या दोघी एकट्या बोलतात, मग सगळे पुन्हा तीच धून घेऊन परत येतात, जणू अंगणात खेळायला सोडलेल्या पोरींना मध्ये मध्ये घरात बोलावून घ्यावं. पण पपांचा जीव होता तो मधल्या संथ भागावर. तिथे धावणं नाही. खाली चेलो एकेक पाऊल टाकत चालत राहतो, ऑर्गन त्याला साथ देतो, आणि त्या चालण्यावर दुसरं व्हायोलिन एकटंच एक लांब धून सुरू करतं. ती अर्ध्यावर येते तोच पहिलं व्हायोलिन वरच्या सुरात तीच धून घेऊन शिरतं. मग दोघी एकमेकींच्या अंगावरून, खालून, मधून जात राहतात.

या रचनेतच माझ्यासाठी विष भरलेलं होतं. मी जे म्हणायचे तेच ब्रिजित वर जाऊन पुन्हा म्हणायची. वरचा सूर उजळ असतो, कान तिकडेच जातो. माझं बोलणं जणू तिच्या बोलण्याची तालीम होती. ती शिरली की ऐकणारा मला विसरणार, हे मला पहिल्याच दिवशी कळून चुकलं.

ब्रिजित पाचूबंदरची. बापाच्या दोन बोटी होत्या. तिचा मामा मुंबईच्या हॉटेलांत बँडमध्ये वाजवायचा, त्याच्याकडून ती थोडंफार शिकली होती आणि त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला पपांकडे आली. तिचा गज वाकडा चालायचा, मनगट ताठ असायचं, पण तार तिच्या बोटाखाली आली की वेगळंच काही व्हायचं. कसं सांगू? मी वाजवलं की लोक म्हणत, छान वाजवते. ती वाजवायला लागली की लोक काहीच म्हणत नसत.

पपांनी तिला डोक्यावर घेतलं. ती आली की ते तिच्या अगदी समोर, हातभर अंतरावर खुर्ची ओढून बसत आणि तिच्या बोटांवर डोळे खिळवून ठेवत. ती बोलायची तेव्हा तिच्या तोंडाकडे असे बघत, जणू देवदूत बोलतोय. ती हसून सावकाश बोलायची, तेही हसायचे. मी स्वयंपाकघरातून “चहा ठेवू का?” म्हणून विचारायची, उत्तर नाही. पुन्हा विचारायची, उत्तर नाही. दूध उतू जाऊन शेगडीवर चरचरायचं तरी ओटीवरच्या दोघांना पत्ता नसायचा.

एकदा मी चहाचे कप त्यांच्यामध्ये आदळले. “इथे मी पण राहते,” मी म्हणाले.

“अगं, ठेव ना तिथेच,” पपा म्हणाले, भलतंच. ब्रिजितनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत काहीतरी होतं. मला वाटलं, कीव. मी आत निघून गेले.

मग त्यांनी तिला त्यांचं व्हायोलिन दिलं.

ते त्यांच्या बापाचं होतं. पोर्तुगीजांच्या वेळचं म्हणून आजोबा सांगायचे, ते खरं नसणार, पण जुनं होतं आणि आवाज मधासारखा. लहानपणी मी त्याच्या पेटीवर डोकं ठेवून झोपायची. ते कधीतरी माझं होणार हे कुणी बोललं नव्हतं, कारण बोलायची गरजच नव्हती. एका रविवारी मी चर्चमधली मिस्सा आटपून घरी आले तर ब्रिजित ओटीवर तेच वाजवत होती आणि पपा समोर बसून बघत होते.

ती गेल्यावर मी विचारलं. सरळ समोर उभी राहून विचारलं.

“पपा, तुमचं व्हायोलिन तिच्याकडे?”

“तिचं फार हलकं आहे गं. वरच्या लाकडाचा तक्ता फुगलाय. सणाला तसलं घेऊन कशी बसणार?”

“आणि तुम्ही?”

“मी सणालाही चेलोच वाजवणार आहे. चर्चच्या माळ्यावर पडला होता तो दुरुस्त केलाय. खालची बाजू कुणीतरी धरायला हवी ना?”

“तुम्ही जन्मभर व्हायोलिन वाजवलंत.”

“म्हणून तर,” ते म्हणाले आणि उठून वाडीत पाणी सोडायला गेले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मी ब्रिजितचा एकेक दोष हेरून ठेवायची. तिसऱ्या बोटाला घसरते. लांब सुराच्या शेवटी गज कमी पडतो. रात्री अंथरुणात पडल्यावर ते सगळं जपमाळेसारखं मोजायची आणि सकाळी तिचा पहिला सूर कानावर पडला की सगळी माळ तुटून जायची. ती वाईट वाजवत असती तर मी तिच्यावर माया केली असती. ती गर्विष्ठ असती तरी चाललं असतं. पण ती माझ्यासाठी घरून सुके बोंबील आणायची, तालमीनंतर खुर्च्या उचलायला थांबायची. तिचा राग करायला जागाच ठेवायची नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

संथ भागाच्या मध्यावर एक जागा आहे. तिथे दुसऱ्या व्हायोलिननं एक सूर धरून ठेवायचा. वरून पहिलं व्हायोलिन हलतं आणि त्या धरलेल्या सुराला घासतं. दोन सूर एकमेकांत रुततात, ऐकणाऱ्याच्या छातीत कळ येते. मग जिनं सूर धरलेला असतो तिनं एक पायरी खाली उतरायचं. उतरली की सगळं मोकळं होतं. मग तेच पुन्हा, एक पायरी खाली. पुन्हा, आणखी खाली. वर असलेली घासते आणि धरून बसलेली उतरते. मी दर वेळी उतरायचे.

सणाच्या आधीच्या आठवड्यात, तालमीत, मी उतरले नाही.

ठरवून केलं की आपोआप झालं, कोण जाणे. ब्रिजितचा सूर माझ्या सुराला घासला आणि माझं बोट तिथेच राहिलं. मी गज लांबवला. दोन सूर एकमेकांना धरून किंचाळत राहिले. सिस्टर बेनेडिक्टांचे हात ऑर्गनवर थबकले. व्हायोला वाजवणाऱ्यानं तोंड वाकडं केलं. ब्रिजित वाजवत राहिली, पण तिनं डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं.

मी पपांकडे बघत होते. आता ओरडतील. आता गज स्टँडवर आपटतील. स्वयंपाकघरातला उतरलेला सूर ज्यांना ओटीवर टोचायचा, ते हे कसं सोडतील?

पपांचे डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर समाधान होतं.

“छान,” शेवटी ते म्हणाले. “आज मधला भाग फार छान झाला. असाच ठेवा.”

मी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि बाहेर पडले. मला वाटलं, संपलं. हा माणूस मला ऐकतच नाही. मी चुकीचं वाजवलं काय, बरोबर वाजवलं काय, त्यांच्या लेखी मी तिथे नाहीच.

चर्चच्या मागच्या वाटेनं मी तरातरा चालले होते. मागून चपलांचा आवाज आला.

“एव्हलिन! थांब ना!”

“कशाला? माझी चूक दाखवायला आलीस?”

ब्रिजित धापा टाकत होती. “तुला माहीत नाही का गं?” ती म्हणाली.

“काय माहीत नाही?”

तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ती जे बोलून बसलीय ते तिला परत गिळायचंय.

“काय माहीत नाही, ब्रिजित?”

“सरांना ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “म्हणजे येतं, खालचं येतं. वरचं नाही. माझ्या बाबांचं अस्संच झालंय, बोटीच्या मशीनजवळ बसून बसून. समोर तोंड करून, आवाज जरा खाली आणून बोललं की त्यांना कळतं. मागून हाक मारली की नाही कळत. मला वाटलं… तू तर घरातच असतेस.”

बाजूच्या वाडीत कुणीतरी पंप चालू केला. पाणी पाटात पडायला लागलं.

“त्यांनी सांगितलं तुला?” मी विचारलं.

“नाही गं. मी ओळखलं. पहिल्याच आठवड्यात.”

खरं सांगायचं तर त्या क्षणी पपांबद्दल दुःख मला झालंच नाही, ते नंतर आलं. आधी मनात आलं ते हेच, की तिनं ओळखलं. पहिल्याच आठवड्यात! मी त्यांच्यासोबत एका छपराखाली राहत होते, त्यांचं ताट वाढत होते, आणि माझ्या आधी हिनं ओळखलं. पपांचं व्हायोलिन तिच्याकडे, पहिल्या व्हायोलिनची जागा तिच्याकडे, आणि आता पपांचं दुखणंही तिचंच. त्याचाही मला हेवा वाटला.

“कुणाला बोलू नकोस,” मी कोरडेपणानं म्हणाले.

“मी कशाला बोलेन?” ती म्हणाली. “सर खुर्चीत बसले की मी मुद्दाम त्यांना बोटं दिसतील अशी बसते.”

घरी आले तर पपा ओटीवर बसून चेलोचा गज पुसत होते. मी त्यांच्यासमोर खालीच बसले, तोंड त्यांच्या तोंडासमोर आणलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा चिरका आवाज ओढून खाली आणला.

“पपा, तुम्हाला किती ऐकू येतं?”

त्यांचा हात थांबला. त्यांनी गज बाजूला ठेवला.

“ब्रिजित बोलली?”

“किती येतं ते सांगा.”

“पुरुषांचं बोलणं येतं. चेलो येतो, अंगातूनच येतो. ऑर्गनचा डावा हात. पाखरं गेली.” ते थोडं हसले. “तू आतून काय बोलतेस ते बऱ्याचदा नाही कळत. तुझा आवाज तुझ्या आईसारखा, बारीक.”

“मला का नाही सांगितलं?”

“काय सांगू? मास्तरचे कान गेले म्हणून? तुला कळलं की तू काळजी करत बसणार, गावाला कळलं की पोरं यायची बंद होणार. हा सण होऊ दे म्हटलं. हे एकदा वाजवून होऊ दे.”

माझ्या मनातलं बाहेर यायलाच हवं होतं. “पण तिला पहिलं का दिलंत? तुमचं व्हायोलिन का दिलंत? एवढी आवडते ती तुम्हाला?”

पपांना ते नीट कळलं नसावं, कारण मी रडत होते आणि माझे ओठ धड हलत नव्हते. मला पुन्हा सांगावं लागलं. कळलं तेव्हा ते चकित झाले.

“ब्रिजितचं वाजवणं मी कधी ऐकलंच नाही, एव्ही,” ते म्हणाले. “वरच्या तारांवर काय होतं ते मला माहीतच नाही. सगळे म्हणतात चांगली वाजवते. मी नुसतं बघत बसतो, बोट जागेवर पडतंय का, गज सरळ आहे का. डोळे दुखतात माझे. ते व्हायोलिन तरी मी घेऊन काय करू? मी गज ओढतो तर मला लाकूड खरवडल्यासारखं वाटतं.”

“मग दुसरं मला…”

“दुसरं व्हायोलिन खाली राहतं,” ते म्हणाले. “सगळा वेळ मधल्या आणि खालच्या तारांवर असतं. तू पहिलं घेतलं असतंस तर तू वर गेली असतीस.” त्यांनी बोट छताकडे केलं. “तिथे गेलीस की मला काहीच येत नाही. दुसरं वाजवतेस तोवर तू मला ऐकू येतेस. हे मी सण म्हणून करतोय असं लोकांना वाटतं. मला तुझं वाजवणं एकदा शेवटपर्यंत ऐकायचंय, बाय. अजून आहे तोवर.”

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. ते माझ्या केसांवरून हात फिरवत राहिले आणि मध्येच, जणू काही विशेष बोलणं झालंच नाही अशा सुरात म्हणाले, “आज तू मध्ये एक सूर किती लांब धरलास! एवढा सुंदर तू कधी धरला नव्हतास.”

तो सूर ज्याला घासत होता तो वरचा सूर त्यांच्या कानापर्यंत पोचलाच नव्हता. त्यांना फक्त माझा ऐकू आला होता. मी त्यांना खरं सांगितलं नाही. आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

सणाच्या दिवशी मिस्सा संपल्यावर लोकांना बसवून ठेवलं होतं. बायकांच्या साड्या, कोटाच्या बाहीत घामेजलेले पुरुष, मागे उभी असलेली पोरं. वेदीच्या खाली लाकडी चौथरा मांडला होता. ब्रिजितनं निळा झगा घातला होता. तिच्या हनुवटीखाली माझ्या आजोबांचं व्हायोलिन होतं. सगळं कळल्यावरही ते तिथे बघून मी नजर वळवली. कळणं आणि न दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला भाग सुखरूप पार पडला. सगळ्यांची धून, मग आम्ही दोघी, पुन्हा सगळे. पपा माझ्या गजाकडे बघून चेलोची पावलं टाकत होते. मग संथ भाग आला. मी सुरुवात केली. खालून चेलो चालू लागला, वर ब्रिजित शिरली. आम्ही अर्ध्यावर आलो, ती घासण्याची आणि उतरण्याची जागा जवळ आली, आणि डोक्यावर दुपारच्या प्रार्थनेची घंटा सुरू झाली.

कुणीतरी घंटा वाजवणाऱ्याला सांगायचं विसरलं होतं. आमची घंटा मोठी, तिचा घुमारा जमिनीतून यायचा. लोकांना तो नुसता व्यत्यय होता. पपांचा मात्र तिनं उरलासुरला आधारच काढून घेतला. तिचा तो जड, खालचा आवाज त्यांच्या चेलोवर, ऑर्गनच्या डाव्या हातावर, माझ्यावर पसरला. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते एकाएकी कुठेतरी एकटे पडले. गज तारेवरून उचलला गेला. चेलो थांबला.

मी चौथऱ्यावर वळले. लोकांकडे सरळ पाठ केली. मागून कुजबूज आलेली मला ऐकू आली. मी पपांच्या इतक्या जवळ गेले की माझा गज त्यांच्या स्टँडला लागेल, आणि माझा हात त्यांना नीट दिसेल असा मोठा, सावकाश ओढायला लागले. बुटाची टाच फळीवर ठोकली. एक. दोन. फळीतून ते चेलोच्या टोकाला पोचलं असावं. त्यांचे डोळे माझ्या हातावर आले.

पण हे सगळं व्हायला वेळ लागत होता आणि वर ब्रिजित एका सुरावर उभी होती. त्या जागेच्या शेवटच्या पायरीला पाळी उलटते; आता धरून ठेवणारी ती होती, आणि उतरायचं तिला होतं. खाली चेलो नव्हता, सिस्टर चाचपडत होत्या, घंटा वाजत होती. मी तिच्या जागी असते तर घाबरून उतरले असते आणि पुढे पळाले असते, हे मला तेव्हाच माहीत होतं. ती उतरली नाही. तिनं तो सूर धरून ठेवला. गज संपत आला तशी तिनं तो बारीक केला, आणखी बारीक केला, दोऱ्याइतका, पण तुटू दिला नाही. लांब सुराच्या शेवटी गज कमी पडतो म्हणून जिला मी नावं ठेवली होती, ती हीच. घंटा थांबली. माझ्या हाताबरोबर पपांचा गज तारेवर आला आणि चेलोचा सूर खालून उभा राहिला. तो आल्यावर, आणि तो आल्यावरच, ती उतरली.

मग तिसरा भाग धावत पार पडला.

शेवटी टाळ्या झाल्या, फादरांनी पपांना हार घातला. आवारात लोकांनी ब्रिजितला घेरलं. बायका तिच्या गालांना हात लावत होत्या. माझ्याजवळून जाताना एक मावशी म्हणाली, “तुझंही झालं गं चांगलं. पण अशी पाठ काय केलीस आम्हाला?”

पपांनी मला हातानं बाजूला ओढलं. घाम पुसत होते, डोळे चमकत होते.

“कसं झालं?” त्यांनी विचारलं.

“चांगलं झालं.”

“आपलं मला माहीत आहे. तिचं कसं झालं ते सांग. मी अडलो तेव्हा तिनं काय केलं?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. मी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी ते खरं मानलं असतं. ठीक वाजवलं म्हटलं असतं तर ते ठीक झालं असतं. दुसरं कुणी त्यांना सांगणार नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी माझ्यावरच विश्वास ठेवला असता.

“माझ्यापेक्षा चांगलं वाजवलं तिनं,” मी म्हणाले.

“काय?”

आवारात गलका होता. पपांनी हाताचा द्रोण करून कानाला लावला.

“माझ्यापेक्षा चांगलं वाजवलं तिनं!”

ते पुन्हा “काय?” म्हणतील या भीतीनं मी इतक्या जोरात ओरडले की आजूबाजूची बोलणी थांबली. सगळे वळले. बायकांच्या घोळक्यातून ब्रिजितनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता. माझाही झाला असणार.

पपांना मात्र कुणाचं भान नव्हतं. “पण कसं?” ते म्हणाले. “नुसतं चांगलं म्हणून मला काय कळणार?”

घरी जाताना, बागांमधल्या वाटेवर, आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी थांबले. त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि ब्रिजितचं व्हायोलिन गायला लागले. तिच्या सुरात नाही; एक सप्तक खाली, जमेल तितकं आणखी खाली, जिथे त्यांना पोचेल तिथे. माझा आवाज खाली फाटत होता. पहिल्यापासून सगळं गायले. ती शिरते ती जागा, तिचं वर जाणं, मला घासून जाणं. मग चेलो थांबला आणि ती एका सुरावर उभी राहिली ती जागा आली. तिनं धरला होता तितका वेळ मी तो सूर धरला, बारीक करत नेला, आणि मग उतरले.

पपा डोळे मिटून, माझ्या खांद्याला धरून उभे होते. अख्खा भाग संपेपर्यंत ते हालले नाहीत.

“मुलगी फारच सुरेख वाजवते गं,” ते म्हणाले.

तेव्हाही ते मला लागलं.

“अजून तिसरा भाग आहे,” मी म्हणाले, आणि त्यांचा कान पुन्हा जवळ ओढून घेतला.